मुलांनी मांडलेला संकटाचा पट



३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात एस. टी. ची एक गाडी नेहमीच्या फेरीवर होती. माळीण गावाच्या जागी आली तेव्हा चालकाला गाव दिसेना. पावसाने सैल झालेला डोंगर खाली उतरला होता आणि घरेदारे, माणसे, गुरे सारी चिखलाखाली गेली होती. दीडशेहून अधिक माणसे त्या एका सकाळी गेली. जगाला ही बातमी प्रथम कळली ती एका गाडीचालकामुळे. कामगार-चळवळीत ज्याचे आयुष्य गेले त्याला या गोष्टीचा किंचित अभिमान वाटला तर आपण क्षमा कराल. पण तो अभिमान फार वेळ टिकत नाही. कारण बातमी उलट्या दिशेने गेली. ती गावातून बाहेर गेली; गावाकडे आधी यायला हवी होती, ती आलीच नाही.

नऊ वर्षांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी अशीच दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसांचा शोध सोडून द्यावा लागला. पुढे विधिमंडळात सांगण्यात आले की, दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते. यादी करणारे लोक अडाणी असतात असे मी म्हणत नाही. भूगर्भशास्त्र हे गंभीर शास्त्र आहे आणि यादी हवीच. माझा प्रश्न एवढाच की, ज्या वाडीचे नाव यादीत नाही तिथल्या माणसाने काय करावयाचे? त्याने आपला डोंगर स्वतः वाचायचा की दुसऱ्याने वाचून सांगेपर्यंत झोपून राहायचे?

जपानमध्ये या प्रश्नाचे एक उत्तर मिळाले आहे आणि ते शाळकरी मुलांनी दिलेले आहे. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर ईशान्य किनाऱ्यावर समुद्र चढून आला, तेव्हा कामाइशी नावाच्या गावात सुमारे तीन हजार शाळकरी मुले होती. त्यांतली पाच सोडून सारी वाचली. उनोसुमाई भागातल्या दोन शाळा तर सरकारी नकाशात बुडणाऱ्या पट्ट्याच्या बाहेर दाखवलेल्या होत्या. म्हणजे कागदावर त्या सुरक्षित होत्या. त्या दिवशी त्या बुडाल्या. पण पाणी आले तेव्हा आत कोणी नव्हते. मोठी मुले आधीच पळत सुटली होती, लहानांचे हात धरून चढणीला लागली होती, आणि पहिली जागा पुरेशी उंच नाही असे दिसताच आणखी वर गेली होती. कतादा तोशिताका नावाचे प्राध्यापक त्याआधी काही वर्षे त्या शाळांत काम करीत होते. त्यांनी मुलांकडून घर ते शाळा या वाटेचे नकाशे काढून घेतले होते : कुठे चढ आहे, कुठून पळता येईल. आणि एक गोष्ट बजावून सांगितली होती, की छापील नकाशावर विसंबू नका. मुलांनी स्वतःचा नकाशा काढला होता म्हणून त्यांना दुसऱ्याच्या नकाशावर अविश्वास दाखवण्याचे धैर्य झाले, असे माझे मत आहे. आजचा माझा सारा विषय या एका वाक्यात आहे, बाकीचे विवरण.

कार्यक्रमपत्रिकेवर विषयाचे नाव जरा भारदस्त छापले आहे : ‘नैसर्गिक आपत्तींचे शिक्षण आणि विद्यार्थिनिर्मित परस्परसंवादी माध्यमे.’ हे वाचून काही मंडळी घरीच राहिली असतील. त्यातला ‘परस्परसंवादी’ हा शब्द तेवढा समजावून देतो. ज्या साधनासमोर पाहणाऱ्याला गप्प बसता येत नाही, ज्यात त्याने काही केल्यावाचून पुढचे घडत नाही, ते परस्परसंवादी. व्याख्यान हे त्याचे अगदी विरुद्ध टोक. मी बोलतो, आपण ऐकता. आपल्यापैकी कोणाला डुलकी लागली तरी माझे बोलणे थांबत नाही. तमाशातले सवाल-जवाब त्याच्या उलट. आपल्या भागातल्या सोंगाड्या पार्टीत तर समोरच्या गर्दीतून एखादा शब्द आला की सोंगाड्या तो उचलतो आणि खेळ तिकडे वळवतो. तेव्हा ही वस्तू काही परदेशातून पेटीत भरून आलेली नाही. आज मोबाईलच्या पडद्यावर ती दिसते म्हणून नवी वाटते इतकेच.

शाळेत आपत्तीचा धडा नाही असे कोणी समजू नये. २००५ साली आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला. त्याच्या आसपास अभ्यासक्रमात हा विषय आला. आपल्या राज्याच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. मुले ते पाठ करतात, आपत्तीचे प्रकार लिहितात, गुण मिळवतात. परंतु पाठ केलेले उत्तर डोक्यात राहते आणि पूर पायाशी येतो. डोक्यातून पायापर्यंत ते ज्ञान उतरावे कसे, हीच अडचण आहे.

कधीकधी उतरते, हेही सांगितले पाहिजे. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी थायलंडच्या फुकेत बेटावर टिली स्मिथ नावाची दहा वर्षांची इंग्रज मुलगी आईबापांबरोबर किनाऱ्यावर होती. समुद्राला विचित्र फेस आलेला तिने पाहिला. दोन आठवड्यांपूर्वीच भूगोलाच्या तासाला तिच्या शिक्षकांनी हवाई बेटांवरच्या लाटेची फिल्म दाखवली होती. तिने आरडाओरडा करून माणसे हलवली आणि तो किनारा रिकामा झाला म्हणून तिथली माणसे वाचली. चांगला शिक्षक आणि एक चित्रफीत एवढ्यावर हे झाले. पण दोन आठवड्यांपूर्वीचा धडा होता, हे विसरू नका. वीस वर्षांपूर्वीचा असता तर?

तर मग मुलांनी काय करावे? पहिली कल्पना सर्वांना सुचते ती सापशिडीची. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनीही ‘रिस्कलँड’ नावाचा असाच एक पट तयार केला होता आणि तो अनेक भाषांत गेला. झाडे लावली, शिडी चढा. नदीच्या पात्रात घर बांधले, खाली या. पट रंगीत असतो, मुले रमतात, आणि मुलांनी स्वतः रचला तर निम्मे शिक्षण त्या रचण्यातच होते, कारण कुठे साप ठेवायचा याचा विचार त्यांनाच करावा लागतो. मात्र या खेळात एक खोट आहे. आपल्याकडे जुना मोक्षपट होता. त्यात कवड्यांच्या दानाने माणूस चढे आणि उतरे, कारण जीव कर्माच्या दानाने चढतो-उतरतो हेच त्याला सांगायचे होते. फासा पडेल तसे जायचे! आपत्तीच्या बाबतीत आपल्या लोकांच्या मनात आधीच तो फासा बसलेला आहे. ‘नशिबात होतं’ हे वाक्य मी इतक्या अपघातांनंतर, इतक्या दारांत ऐकले आहे, की पोरांच्या हातात आणखी एक फासा द्यायला माझे मन धजत नाही.

फासा काढून त्या जागी निवड ठेवली की खेळ बदलतो. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे जपानच्या कोबे शहरात भूकंप झाला. सहा हजार चारशेहून अधिक माणसे गेली. पुढे तिथल्या काही अभ्यासकांनी कोबे नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांना भेटून विचारले, की त्या दिवसांत तुमच्यापुढे कोणते पेच आले? त्या उत्तरांतून २००४ साली पत्त्यांचा एक खेळ झाला. त्याचे नाव ‘क्रॉसरोड’, म्हणजे चौरस्ता. एका पत्त्यावर असे लिहिलेले असते : तुम्ही अन्नवाटपाचे कारकून आहात; छावणीत तीन हजार माणसे आहेत, जेवणे दोन हजार मिळाली आहेत, आणखी येण्याची चिन्हे नाहीत; वाटायला सुरुवात कराल की नाही? खेळणाऱ्या प्रत्येकाने हो किंवा नाही एवढेच पालथे ठेवायचे, मग एकदम उघडायचे, आणि का ते सांगायचे. बरोबर उत्तर छापलेले नाही, कारण बरोबर उत्तर नव्हतेच. बहुमताच्या बाजूला असतील त्यांना निळी गादी मिळते. पण सगळ्यांच्या विरुद्ध एकटाच कोणी पडला, तर त्याला सोनेरी गादी! त्याचे कारण असे, की सगळ्यांना न दिसलेली गोष्ट कदाचित त्या एकट्याला दिसली असेल. (आमच्या युनियनच्या सभांत अशा एकट्या माणसाला काय मिळते ते मी इथे सांगत नाही.)

हा खेळ आपल्याकडे तसाच्या तसा आणून उपयोग नाही. कोबेच्या कारकुनाचा पेच तळोद्याच्या पोराचा नव्हे. आपले पत्ते आपल्या मुलांनी विचारून विचारून लिहावेत. नाल्याला पाणी आले आहे, बकऱ्या पलीकडे आहेत, बाप घरी नाही. उतराल की नाही? ऊसतोडीच्या पडावावर पाचटाच्या झोपडीत धाकटी बहीण झोपली आहे, आई फडात आहे, शेजारच्या झोपडीत चूल पेटली आहे. पाण्याला जाल की थांबाल? पहिला पत्ता डोंगरातल्या मुलाने लिहावा, दुसरा गुजरातेत आईबापांबरोबर कोयत्याला जाऊन आलेल्या मुलीने. शहरातल्या माणसाला हे पत्ते सुचायचे नाहीत. सुचले तरी त्यांत चूल कुठे असते ते चुकेल.

ज्या शाळेत संगणक आहे तिथे हेच काम पडद्यावर करता येते. अमेरिकेतल्या एम. आय. टी. या संस्थेने २००७ साली ‘स्क्रॅच’ नावाचे साधन मुलांसाठी फुकट उपलब्ध केले. त्यात आज्ञा लिहाव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवले की चित्र चालू लागते. त्यात एक ठोकळा ‘जर-तर’चा आहे, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. जर पाणी या खुणेवर आले, तर गुरे सोड. जर ढगाचा आवाज जवळ आला, तर झाडाखालून नीघ. मुलाला तो ठोकळा जोडताना ठरवावेच लागते, की नेमक्या कोणत्या खुणेला काय करायचे. ‘सावधगिरी बाळगावी’ असे मोघम वाक्य त्या ठोकळ्यात बसतच नाही. सरकारी परिपत्रके लिहिणाऱ्यांना महिनाभर हे साधन सक्तीने वापरायला द्यावे, असे मला फार वाटते.

पण संगणक नसला म्हणून अडत नाही. एक साधे उदाहरण देतो. त्यात यंत्रही आहे, खेळही आहे, आणि निरनिराळ्या लोकांच्या संस्कृतीचा विचारही आहे. पत्र्याचे एक मोठे ताट घ्या, त्याच्याखाली मूठभर गोट्या पसरा. ताट ढकलले की ते गोट्यांवर सर्रकन हलते, हा झाला भूकंप. आता ताटावर दोन घरे बांधा. एक, ओल्या मातीत खडे रचून जाड भिंती केलेले आणि वर काड्या टाकून मातीचा जाड थर दिलेले. दुसरे, बांबूच्या कामट्या सुतळीने बांधून वर गवत टाकलेले. मग समोरच्या कोणालाही ताट हलवायला सांगा. पहिले घर दोन हेलकाव्यांत बसते. दुसरे डुलते, वाकते आणि उभे राहते.

पहिले घर किल्लारीचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास लातूर-धाराशिव भागात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून दमलेली माणसे झोपेत होती, आणि हजारो माणसे आपापल्या भिंतींखाली आणि माळवदांखाली गेली. भूकंपाचा धक्का जितक्या वजनाला हलवतो तितका जोर त्या वजनाच्या आधारावर येतो. छप्पर जड म्हणजे भिंतीला झटका मोठा, आणि मातीने जोडलेल्या दगडी भिंतीला तो झटका सोसत नाही. एवढे यंत्रशास्त्र ताट हलवणाऱ्या सहावीच्या मुलाला न सांगता कळते. दुसरे घर आपल्या सातपुड्यातले. आता मुले म्हणतील, आमचेच घर शहाणे! तेव्हा त्यांना एक काडी ओढून दाखवण्याची कल्पना करायला सांगावे. (खरोखर ओढू नका, शाळा जाईल.) गवताचे घर भूकंपात तरते आणि चुलीच्या ठिणगीने जाते.

इथे खरी गंमत सुरू होते. किल्लारीच्या लोकांनी जड माळवदे का घातली? मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती घरे थंड राहतात म्हणून. कोबेच्या जुन्या लाकडी घरांवर जड कौले होती, कारण तिथे वादळे दरसाल येतात आणि हलके छप्पर उडून जाते. भूकंपात तीच कौले माणसांवर आली. कच्छमधल्या लोकांचे ‘भुंगा’ नावाचे गोल घर २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात पुष्कळ ठिकाणी टिकून राहिले, कारण गोल भिंतीला कोपरा नसतो आणि वर छप्पर हलके असते. प्रत्येक लोकांनी आपले घर रोजच्या शत्रूला तोंड देण्यासाठी बांधलेले असते. पन्नास-शंभर वर्षांनी येणारा शत्रू त्यांच्या हिशेबातून निसटतो. मुलांनी चार देशांची घरे एका ताटावर ठेवली, की एका संस्कृतीला हसण्याची आणि दुसरीला मान डोलावण्याची सवय मोडते. आणि आपल्याकडे भूकंप कुठला, असे कोणी म्हणेल, तर १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यातच सहाच्या वर मोजमापाचा भूकंप झालेला आहे.

किल्लारीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आपल्याला अभिमानाने सांगता येईल. पुनर्वसनाच्या काळात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. घर कसे पक्के करायचे ते त्यांनी शिकून घेतले आणि शेजाऱ्यांना समजावले. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा याच भागातल्या बायका तिकडे गेल्या. भाषा निराळी, घर निराळे, वेष निराळा. तरी भिंत कोसळलेल्या बाईला भिंत कोसळलेल्या बाईचे म्हणणे कळले. एका मुलखाचे आपत्तिज्ञान दुसऱ्या मुलखात कसे जाते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. मग मुलांच्या कामात भाषांतराची एवढी काळजी कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे, की बायका समोरासमोर होत्या. पट, पत्ता किंवा पडदा एकटा पडतो. चुकीचा शब्द गेला तर तो दुरुस्त करायला बोलणारा तिथे नसतो.

आपल्या तळोद्याचेच पाहा. एका वर्गात भिली बोलणारी मुले आहेत, पावरी बोलणारी आहेत, अहिराणी, गुजरी आणि हिंदी-उर्दू बोलणारी आहेत. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली तेहेतीस गावे आली; ती अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. त्यांतल्या पुष्कळ कुटुंबांना तळोद्याच्या जंगलातल्या सोडवून घेतलेल्या जमिनीवर आणून बसवले. धरणाचे पाणी ही नैसर्गिक आपत्ती नव्हे, हे मला मान्य आहे. ते माणसांनी ठरवून आणलेले पाणी. परंतु ज्या आजोबांनी नर्मदाकाठी आयुष्य घालवले त्यांना नदीचा आवाज कळत होता. पाण्याचा रंग बदलला की वर कुठे पाऊस झाला ते कळत होते. त्यांचे ज्ञान पन्नास-साठ किलोमीटर अलीकडे सपाटीवर आणले, तिथे नाला निराळा, माती निराळी, पाणी चढण्याची रीत निराळी. त्यांच्या नातवाला ना नर्मदा माहीत, ना या नाल्याची जुनी माहिती सांगणारा कोणी घरात. संस्कृतींच्या सीमा ओलांडायला जपानला जावे लागत नाही. इथे एका बाकावर बसलेल्या दोन पोरांमध्ये ती सीमा आहे.

आणि शब्दाचे म्हणाल तर ‘सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे’ ही सरकारी सूचना घ्या. पुण्या-मुंबईच्या माणसाला तिचा अर्थ लागतो. आमच्या मजुराच्या घरात ‘स्थलांतर’ म्हणजे दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जाणे. पुनर्वसनाच्या गावात ‘स्थलांतर’ म्हणजे जुने गाव कायमचे सोडणे. ऐन पुराच्या रात्री असा शब्द कानावर पडला, तर माणूस उठण्याऐवजी बिथरेल. मुलांनी पत्ता लिहिला तर असला शब्द येणारच नाही. त्याच्या घरात आई जशी ओरडेल तसे तो लिहील : उठा, टेकाडावर चला.

इंडोनेशियात सुमात्राजवळ सिमेउलुए नावाचे बेट आहे. १९०७ साली तिथे समुद्र चढून पुष्कळ माणसे मेली. बेटावरच्या लोकांच्या बोलीत त्या लाटेला ‘स्मोंग’ हा स्वतःचा शब्द आहे. जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे हटला की डोंगराकडे पळा, एवढे त्यांनी गोष्टींत आणि अंगाईत गुंफून पिढ्यान् पिढ्या सांगितले. २००४ साली तीच वेळ आली. बेटावर सुमारे अठ्ठ्याहत्तर हजार माणसे, मेली सात. शेजारच्या आचे प्रांताच्या मुख्य भूमीवर दीड लाखाहून अधिक माणसे गेली. तिथल्या लोकांजवळ असा रोजच्या जिभेवरचा शब्द नव्हता. अंगाई हे परस्परसंवादी माध्यम आहे काय, असा वाद विद्वानांनी घालावा. मला एवढे दिसते, की आज ऐकणारे मूल उद्या गाणारे होते.

उलट उदाहरणही सांगतो. १९९६ पासून ‘थिंकक्वेस्ट’ नावाची एक मोठी स्पर्धा चालत असे. देशोदेशीची मुले मिळून इंटरनेटवर शैक्षणिक पाने तयार करीत. आपत्ती, विज्ञान, इतिहास, नाना विषय. वेगवेगळ्या देशांतल्या मुलांनी एका विषयावर एकत्र काम करावे ही कल्पना उत्तम होती. २०१३ साली चालवणाऱ्या कंपनीने ती बंद केली आणि पानांचा तो साठाही मिटला. अंगाईने जवळजवळ शतक काढले, विजेवरच्या पानांना सतरा वर्षे मिळाली. म्हणून मुलांनी जे करावे त्याची एक प्रत कागदावर असावी आणि ती गावच्या वाचनालयात असावी, असा माझा आग्रह आहे. पडदा हवा तर जरूर असो. छत्तीसगडमध्ये २०१० पासून ‘सीजीनेट स्वरा’ने साध्या मोबाईलवरून गोंडीत बोललेली बातमी गोंडीतच ऐकण्याची सोय केली; तसा पावरीतला, भिलीतला मुलांचा आवाज फोनवर ऐकू आला तर ज्या आजीला वाचता येत नाही तिच्यापर्यंत तो पोहोचेल. मात्र प्रत कागदावर, आणि शक्य तर भिंतीवर.

भिंतीवरून आमच्या धंद्यातली एक गोष्ट आठवली. माझे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचे वाचनालयांत आणि गेटसभांत झाले. एका कारखान्यात सुरक्षेचे मोठे फलक लावलेले होते, सुंदर इंग्रजीत. कामगार त्यावर डबा टेकवीत. आम्ही अभ्यासवर्गात खडूने जमिनीवर सारे खाते काढले आणि ज्याला जिथे इजा झाली किंवा होता होता राहिली तिथे त्याने गोल काढावा असे सांगितले. तासाभरात जमीन गोलांनी भरली. आणि जिथे फलक होता तिथे एकही गोल नव्हता! पुढे वाचनात आले, की १९६० नंतरच्या दशकात इटलीतल्या तुरीन शहरात मोटार कारखान्यांतल्या कामगारांनी इव्हार ओद्दोने नावाच्या डॉक्टरांच्या साह्याने असेच धोक्याचे नकाशे तयार केले होते. धोका ज्याच्या अंगावर येतो त्याला तो कुठून येतो ते माहीत असते. फक्त त्याला विचारावे लागते, आणि खडू त्याच्या हातात द्यावा लागतो.

असाच नकाशा तळोदा तालुक्यातल्या प्रत्येक शाळेच्या अंगणात काढता येईल. हातोड्याच्या पुलाखाली तापीचे पाणी कुठवर चढलेले कोणी पाहिले आहे, सातपुड्यातून उतरणारा नाला कोणत्या वळणावर काठ सोडतो, वीज कोणत्या झाडावर पडली होती. म्हाताऱ्यांना बोलवावे. १९७२ च्या दुष्काळातली खडी आणि सुकडी आठवणारी माणसे अजून आहेत. देवमोगऱ्याची याहामोगी धान्याची देवी का, हे नातवाला सांगतील तेही हेच लोक. मुलांनी प्रश्न त्यांच्या बोलीत विचारावेत, उत्तरे तशीच लिहावीत, मग मराठीत आणावीत. आणि दोन मुलांची उत्तरे जुळली नाहीत तर खोडरबर वापरू नये. दोन्ही खुणा राहू द्याव्यात.

सुरुवात करायची तर विजेपासून करावी असे मी सुचवीन, कारण तिला काहीच साहित्य लागत नाही. उजेड आपल्यापर्यंत तत्काळ येतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो, म्हणजे एक किलोमीटर यायला त्याला तीन सेकंद लागतात. एका मुलाने आरसा चमकवायचा, बाकीच्यांनी मोठ्याने सेकंद मोजायचे, दुसऱ्याने लपून पत्र्यावर काठी मारायची. नऊ मोजले, वीज तीन किलोमीटरवर. तिसाच्या आत आवाज आला तर शेत सोडायचे, झाडाखाली थांबायचे नाही, पक्क्या घरात जायचे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ नावाचे एक मोबाईलवरचे साधन विजेच्या सूचनेसाठी केले आहे आणि ते चांगले आहे. पण रानात गुरे राखणाऱ्या पोराजवळ मोबाईल नसतो. तीसपर्यंतचे आकडे मात्र त्याला येतात, आपापल्या बोलीत.

हे काम लांबवून चालणार नाही. साखर कारखान्यांचे पट्टे एप्रिल-मेच्या सुमारास पडतात आणि पडावावरची पोरे तेव्हा घरी येतात. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. वळवाच्या विजा त्याआधीच पडू लागतात. शिक्षक सुट्टीवर असतात, शाळेच्या अंगणाला मात्र कुलूप नसते. खडूची पेटी बाजारात मिळते.